सत्तावीस पास

डोळ्यांत थेंब घालून झाल्यावर परिचारिकेने मास्तरांना बाकावर बसवलं आणि "अर्धा तास डोळे मिटून बसायचं, बाबा, मध्येच उघडून बघायचं नाही" असं बजावून ती निघून गेली. मास्तरांनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. नको म्हटलं की करून बघायची खोड सदुसष्टाव्या वर्षीही गेली नव्हती. समोरची भिंत पाण्याखाली गेल्यासारखी झाली होती, घड्याळाचे काटे फुगले होते, आणि दारातून येणारा उजेड नुसता टोचत होता. तंत्रशाळेत चौतीस वर्षं त्यांनी पोरांना वेल्डिंग शिकवलं. काळी काच तोंडापुढे धरल्याशिवाय ठिणगीकडे बघायचं नाही, असं रोज घसा फोडून सांगितलं, आणि स्वतः मात्र लहानसा टाका मारायचा असला की काचेचा आळस केला. आता डोळे एकेका टाक्याची आठवण करून देत होते.

"मास्तर ना तुम्ही?" शेजारून आवाज आला.

"हो," मास्तर म्हणाले. चेहरा दिसत नव्हता. तपकिरी शर्ट, आणि त्यावर एक फिकट गोळा.

"तुम्ही नाही ओळखायचे. तुमच्याकडे परीक्षेला आलो होतो, परदेशच्या नोकरीसाठी. त्या पत्र्याच्या शेडमध्ये. तुम्ही मला नापास केलंत."

मास्तर सावरून बसले. नापास केलेली माणसं रस्त्यात भेटली की एक तर तोंड फिरवत, नाही तर भांडायला येत. हा तिसराच काही निघाला. त्याने मास्तरांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "जोडाच्या मुळाशी छिद्रं राहिलीत म्हणालात. सहा महिने हात बसव, मग ये म्हणालात. तेव्हा मनात काय काय शिव्या घातल्या ते सांगत नाही. पण मास्तर, देवासारखे भेटलात. वाचलो मी."

"वाचलास म्हणजे? झालं काय?" डोळ्यांमुळे दोन महिने मास्तर त्या शेडकडे फिरकले नव्हते.

"म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नाही?" त्याचा हात सैल झाला. मग त्याने सांगितलं. त्याच दिवशी त्याचा मेव्हणाही परीक्षेला बसला होता, आणि पास झाला होता. जहाज बांधायच्या कारखान्यात वेल्डर म्हणून जायचं ठरलं होतं. नेलं ते पर्यटकाच्या व्हिसावर. विमानतळावर उतरल्या उतरल्या एकाने सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले, आणि दुसऱ्या दिवशी तेलाच्या टाक्यांत आत उतरवून गाळ खरवडायला लावलं. वेल्डिंगची रॉड पुन्हा कुणी डोळ्यांनी पाहिली नाही. तीन महिन्यांनी कागदपत्रं नाहीत म्हणून पोलिसांनी उचललं; आता मेव्हणा तिथल्या कोठडीत आहे. "मी नापास झालो तेव्हा बायको दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी," तो माणूस म्हणाला. "आता माझ्याकडे बघते आणि रडते. मी वाचलो म्हणून रडते की तो अडकला म्हणून, ते विचारायचं धाडस होत नाही. एजन्सीच्या ऑफिसला सील ठोकलंय. मालकाला गेल्या सोमवारी धरला." इतक्यात आतून त्याचा नंबर पुकारला गेला. तो उठला, मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून गेला. त्याचा चेहरा मास्तरांना शेवटपर्यंत दिसला नाही.

घरी परतताना उन्हात सगळं पांढरंफटक दिसत होतं. मास्तर भिंतीच्या कडेकडेने चालले. "देवासारखे" हा शब्द चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहिला. नापास केलेले सदतीस होते. एकूण चौसष्टांची परीक्षा घेतली, त्यातले सत्तावीस पास. आकडे त्यांच्या डोक्यात आपोआप राहत. सदतीस जण वाचले असं धरलं, तर ते फक्त त्यांचे हात कच्चे होते म्हणून. ज्यांचे हात चांगले होते, ज्यांनी रात्ररात्र सराव केला होता, त्यांना मास्तरांनी निवडून, पारखून, एकेक करून पुढे पाठवलं होतं. चाळणीत गाळ वर राहतो आणि चांगलं खाली पडतं, तसं. पण चाळणी कुणासाठी धरलीय हे चाळणाऱ्याने बघायचं असतं की नाही? हा प्रश्न त्यांनी तिथेच, एका सायकलच्या दुकानासमोर, सोडून द्यायचा प्रयत्न केला. आपण फक्त जोड तपासला. दोन पट्ट्या उभ्या धरून जोडायला लावायच्या, थंड झाल्यावर त्यातून एक चिरफळी कापायची, दाबयंत्रात घालून वाकवायची. तडा गेला तर नापास, नाही गेला तर पास. यात खोटं कुठे आहे? लोखंड कुणाची भीड धरत नाही आणि आपणही धरली नाही.

ज्याला धरलं तो मालक त्यांचाच विद्यार्थी होता. वर्गात त्याला सगळे 'इस्त्री' म्हणायचे. ठिणग्यांत उभं राहूनही त्याच्या शर्टाची घडी मोडत नसे, कारण तो ठिणग्यांच्या जवळ जातच नसे. वेल्डिंग यथातथा, बोलणं मात्र असं की प्राचार्यांनी एकदा त्याला परीक्षेचा निकाल सांगायला पाठवलं आणि नापास झालेली मुलंही हसत बाहेर आली. मास्तर निवृत्त झाल्यावर दीड वर्षाने तो घरी आला. त्या दीड वर्षात मास्तरांनी घरातले सगळे नळ दोनदा, शेजाऱ्यांचे एकदा दुरुस्त केले होते आणि बायको म्हणायला लागली होती, "अहो, आता एखादी वस्तू मोडेपर्यंत तरी थांबा." इस्त्री पाया पडला, म्हणाला, "सर, परदेशात माणसं पाठवायची एजन्सी काढलीय. बाकीचे लोक कुणालाही पाठवतात आणि नाव खराब करतात. माझ्याकडे पास कोण, नापास कोण, ते तुम्ही सांगायचं. मी मध्ये बोलणार नाही." आणि खरंच तो मध्ये बोलला नाही. मास्तरांना चामड्याचा अॅप्रन पुन्हा मिळाला, जळक्या लोखंडाचा वास मिळाला. समोर माणूस घाम पुसत उभा आहे, आणि आपण हातोडीने जोडावरची कवची उडवून खाली काय निघतं ते बघतोय, हे सुख त्यांना पुन्हा मिळालं. सुखच होतं ते. पहिल्या दिवशी घरी येऊन ते बायकोला एका पोराच्या जोडाबद्दल अर्धा तास सांगत बसले होते. तिने भाजी चिरता चिरता सगळं ऐकलं आणि शेवटी म्हणाली, "जोड दिसायला कसाय ते कळलं. पोरगा कसाय?" ते त्यांनी पाहिलं नव्हतं.

पोरं विचारायची. परीक्षा झाली की हात धुताना हळूच विचारायची, "मास्तर, नक्की ना?" आणि ते म्हणायचे, "माझ्या हातून पास झालास म्हणजे गेलासच समज." सगळ्यांना म्हणायचे. ते वाक्य तोंडात बसलं होतं.

आणि ती फ्रेम. घराच्या जिन्यापाशी आल्यावर ते थांबले, कारण फ्रेमपाशी विचार येणार हे दवाखान्यापासूनच त्यांना माहीत होतं. ऑफिसच्या मागच्या बाजूला, हात धुवायच्या जागेच्या वर, काचेत घातलेला परवाना लटकत होता. चार महिने ते त्याखाली हात धूत होते. एका गुरुवारी साबण संपला म्हणून दुसरा येईपर्यंत नुसतं उभं राहायची वेळ आली, आणि सवयीने त्यांनी तो वाचला. वेल्डरच्या प्रमाणपत्रावर आधी नाव, मग मुदत बघायची, ही चौतीस वर्षांची सवय. नाव दुसऱ्याच कंपनीचं होतं. मुदत संपून दोन वर्षं झाली होती. त्यांनी इस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "सर, आपण त्यांची शाखा आहोत. नवीन कागद येतोय, काम चालू आहे," आणि साबणाची नवी वडी स्वतः त्यांच्या हातावर ठेवली. त्यानंतर त्यांनी आणखी अकरा जणांना पास केलं.

चौथ्या दिवशी पोलिसांची नोटीस आली. साक्षीदार म्हणून जबाब द्यायला हजर राहावं. बायकोने तिच्या बहिणीच्या मुलाला बोलावलं. तो वकील होता. तो आला, नोटीस वाचली आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसला. एवढ्यावरूनच मास्तरांना प्रकरणाचा अंदाज आला.

"काका, दोन वाक्यं बोलायची," भाचा म्हणाला. "मी तांत्रिक परीक्षा घेत होतो. एजन्सीच्या व्यवहाराची मला माहिती नव्हती. तिसरं वाक्य बोलायचं नाही."

"पण मी फक्त जोडच तपासला."

"तेच तर. तेवढंच. कायदा एवढंच विचारतो की परवाना नसताना परदेशातल्या नोकरीसाठी माणूस निवडला का, वचन दिलं का. मालकाने केलं की नोकराने, हे बघत नाही. परवाना नाही हे माहीत असून कामाला हात लावला, की तोही गुन्हेगार. आता तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून तुम्ही साक्षीदार."

मास्तरांनी दाराकडे बघितलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्या गुरुवारी त्यांनी तिला फ्रेमचं सांगितलं होतं, आणि ती म्हणाली होती, "तुम्ही परीक्षा घ्या आणि घरी या. आपल्याला काय करायचंय?" आता तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं, गुंडाळलं आणि सोडलं.

भाचा गेल्यावर मास्तरांनी कपाटातून परीक्षेची वही काढली. प्रत्येक उमेदवाराची एक ओळ: नाव, गाव, तारीख, पट्टीची जाडी, रॉड, निकाल. इस्त्रीने ऑफिसातले सगळे कागद जाळले होते, असं पेपरात आलं होतं. म्हणजे कोण कोण गेलं याची पूर्ण यादी आता या एका वहीत होती. त्यांनी भिंग घेतलं. तारखा बघत बघत त्या गुरुवारपाशी आले, आणि सोळाव्या पास उमेदवाराच्या ओळीखाली त्यांना त्यांच्याच सरळ, ठसठशीत अक्षरात दिसलं: 'परवाना: नाव दुसरे. मुदत संपून दोन वर्षे. विचारले. काम चालू आहे म्हणाला.' हे लिहिल्याचं त्यांना अजिबात आठवत नव्हतं. खाली पुढची ओळ. पास. त्याखालची. पास. हाताने आपलं काम केलं होतं. दोष दिसला तर नोंदवायचा, ही हाताची शिस्त. डोक्याने मात्र पान उलटलं होतं.

"ती वही हरवली म्हणा," भाचा फोनवर म्हणाला. "नाही तर तेवढं पान... काका, ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"मावशीला द्या फोन."

बायकोने फोन घेतला, "हं, हं" केलं आणि ठेवून दिला. मग येऊन मास्तरांच्या शेजारी बसली. वहीवर बोट ठेवून एकेक नाव तिने मोठ्याने वाचलं. सत्तावीस नावं. मास्तरांना जोड आठवत होते. ती नावं वाचत होती आणि गावं वाचत होती. एका गावाशी थांबून म्हणाली, "हे तर माझ्या मामाच्या शेजारचं." शेवटी तिने वही मिटली. "मी म्हणाले होते आपल्याला काय करायचंय, तेही लिहिलंय का कुठे?"

"नाही."

"मग बरंय," ती म्हणाली, आणि तोंडावर पदर धरून हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं.

तपास अधिकारी तिशीतली एक बाई होती. टेबलावर फायलींचा ढीग, त्यावर तिचा डबा. "बसा, काका," ती म्हणाली. तिने वही चाळली आणि तिचा चेहरा उजळला. इतके दिवस फक्त नऊ घरची माणसं तक्रार घेऊन आली होती. बाकीची लाजेने आली नव्हती, किंवा आपला माणूस खरंच कामावर आहे असं धरून बसली होती. "हे सोन्यासारखं आहे, काका. यावरून तिकडच्या कोठड्यांत नावं शोधता येतील." मग ती त्या गुरुवारच्या पानावर आली. वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे तुम्हीच लिहिलंत?"

"हो."

"हे मी फाइलला लावलं तर तुम्हाला साक्षीदार ठेवता येणार नाही. समजतंय ना?"

"भाच्याने समजावलंय."

तिने वहीवर हात ठेवला. क्षणभर त्यांना वाटलं की ती वही परत सरकवेल, आणि सरकवली तर आपण उचलू, याची त्यांना खात्री होती. तिने सरकवली नाही. नवा कागद घेतला आणि लिहायला लागली. "वडिलांचं नाव सांगा," ती म्हणाली. त्यानंतर तिने त्यांना काका म्हटलं नाही.

जामीन झाला. दर सोमवारी ठाण्यावर सही. खटला उभा राहायला सव्वा वर्ष गेलं. दरम्यान डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि जग पुन्हा लख्ख दिसायला लागलं. इतकं लख्ख, की ठाण्याच्या भिंतीवरचे पोपडेही मोजता येत. वहीतल्या नावांवरून माणसं सापडत गेली. पहिल्या खेपेला सहा आली, मग अकरा, मग आठ. दवाखान्यात भेटलेल्या माणसाचा मेव्हणा दुसऱ्या खेपेत आला. दोघांचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. शेजारी आधी यायचे बंद झाले, मग पुन्हा यायला लागले. नळ दुरुस्तीला मात्र त्यांना आता कुणी बोलवत नव्हतं.

भाच्याने बचाव नीट बांधला होता. गुरुवारच्या आधीचे सोळा आणि नंतरचे अकरा. सोळांच्या वेळी माझ्या अशिलाला काही माहीत नव्हतं. अकरांबद्दल त्याने स्वतःहून पुरावा दिला, वय बघावं, दया करावी. मास्तरांनाही ही विभागणी हळूहळू पटत गेली होती. सकाळी दाढी करताना ते मनात म्हणत, अकरा. अकरा हा सत्तावीसपेक्षा लहान आकडा होता. त्याच्याबरोबर जगता येत होतं.

नवव्या नंबरचा उमेदवार साक्षीला उभा राहिला. उंच, खांद्यात वाकलेला, सारखा खोकणारा. सरकारी वकिलांनी विचारलं, नोकरी पक्की असं कुणी सांगितलं? त्याने मास्तरांकडे बोट केलं नाही, मान वळवली फक्त. "मास्तरांनी. म्हणाले, गेलासच समज."

भाचा उलटतपासणीला उठला. "मास्तरांना तेव्हा परवान्याबद्दल काही माहीत नव्हतं, हे तुम्हाला मान्य आहे?"

"ते मला कसं कळणार?"

"परवाना भिंतीवर होता. तुम्ही पाहिला होता?"

"हो. पहिल्या दिवशीच. हात धुवायच्या जागेवर."

"मग तुम्ही का नाही वाचलात?"

तो माणूस गोंधळला. आपल्यावरच काहीतरी आलंय असं त्याला वाटलं. "सरकारी भाषा होती, साहेब. बारीक अक्षर. मला नाही येत वाचता." खोकून झाल्यावर तो सहज, तक्रारीचा सूर न लावता म्हणाला, "आम्हाला वाटलं, मास्तर इथे येतात म्हणजे मास्तरांनी वाचला असेलच."

भाच्याने पुढचा प्रश्न विचारायला कागद उलटला. मास्तरांनी मागून त्याचा काळा कोट ओढला. "बस," ते म्हणाले. "काका, थांबा जरा," भाचा कुजबुजला. "बस म्हणतो ना."

आरोपींचं म्हणणं घ्यायची वेळ आली तेव्हा न्यायाधीशांनी विचारलं, काही सांगायचंय? मास्तर उभे राहिले. भाषण करायची त्यांना सवय होती, पण वर्गात. "आमचे वकील अकरा म्हणतायत," ते म्हणाले. "ते सत्तावीस करा. परवाना पहिल्या दिवसापासून तिथेच होता. मी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काम गेलं असतं, आणि मला ते काम आवडत होतं." एवढं बोलून ते बसले. भाच्याने डोळे मिटून घेतले. पलीकडच्या बाकावर इस्त्री स्वच्छ पांढऱ्या शर्टात, मान खाली घालून बसला होता.

निकाल पंधरा दिवसांनी लागला. इस्त्रीला सात वर्षं. मास्तरांना, वय आणि वहीची मदत लक्षात घेऊन, दीड वर्ष. बायकोने ते शांतपणे ऐकलं आणि औषधांची पिशवी शिपायाच्या हातात देऊन कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर हे त्याला दोनदा म्हणून दाखवायला लावलं.

कागद तयार होईपर्यंत मास्तरांना बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसवलं होतं. निकाल ऐकायला आलेल्यांतून तो नवव्या नंबरचा माणूस बाजूला झाला आणि त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. शिपायाने त्याला अडवलं नाही. मास्तरांना वाटलं, शिवी देईल. दिलेली बरी, असंही वाटलं.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "कोर्टात विचारायचं राहिलं."

"विचार."

"नोकरी खोटी निघाली. व्हिसा खोटा, ऑफिस खोटं." तो खोकला. "माझा जोड तरी खरा होता ना? की पास पण तसंच करून टाकलं होतं?"

मास्तरांनी वर बघितलं. त्यांना चेहरा नीट दिसत होता. हनुवटीवर एक जुना भाजल्याचा व्रण होता, जो परीक्षेच्या दिवशीही असणार.

"खरा होता," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंनी वाकवून बघितला होता मी. केसाएवढाही तडा नव्हता."

आपला उजवा हात त्या माणसाने उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. मग मान हलवली आणि जिना उतरून गेला.